उतारावरची केबिन दर पावसाळ्यात खालच्या बाजूला बसतेय? जॅक लावायच्या आधी हे तपासून घ्या

उतारावर पिलर घालून छोटी केबिन उभी केली की पहिलं वर्ष सगळं छान असतं, दुसऱ्या वर्षी दार वरच्या कोपऱ्यात घासायला लागतं, कोणीतरी रंधा मारून देतं, पुढच्या वर्षी परत घासतं, मग जॅक आणून कोपरा उचलायचा, बीमखाली पत्र्याच्या चकत्या सारायच्या आणि पुढच्या पावसाळ्यात परत तेच. हा एकच बिघाड मी बऱ्याच ठिकाणी दुरुस्त केलाय आणि सुरुवात माझ्या स्वतःच्याच केबिनपासून झाली. तिचा खालचा कोपरा मी दोन वर्षांत दोनदा उचलला. तिसऱ्यांदा उचलायच्या ऐवजी पिलरशेजारी खणून बघितलं तर फुटिंगखाली (फुटिंग म्हणजे पिलरच्या बुडाचा काँक्रीटचा रुंद पाया) विटांचे तुकडे, कुजलेली मुळं आणि एक अख्खी प्लास्टिकची गोणी निघाली. म्हणजे वरच्या बाजूची माती कापून खालच्या बाजूला टाकून सपाटी केली होती आणि माझे तीन पिलर त्या भरावावर उभे होते. जॅकने दार लागत होतं, पण भराव खाली जायचा तो जातच होता.

म्हणून माझं सांगणं एवढंच की पिलर का हलला हे कळल्याशिवाय केबिन उचलू नका. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने तपासा, सुरुवातीच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत आणि बरेचदा तिथेच उत्तर सापडतं.

लक्षणं

दार-खिडकी घासणं हे सगळ्यात आधी दिसतं. पण इथे एक फरक नीट बघा. नुसतं लाकूड ओलाव्याने फुगलं असेल तर दार जवळजवळ पूर्ण उंचीभर घासतं आणि ऊन पडल्यावर सुटतं. चौकटच वाकडी झाली असेल तर दाराच्या वरची फट एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला शून्य अशी पाचरीसारखी दिसते. दुसरं असेल तरच पुढचं वाचा.

बाकीची लक्षणं अशी: खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी चीर, जमिनीवर ठेवलेली गोटी दरवेळी एकाच दिशेला घरंगळणं, चालताना केबिन झुलल्यासारखी वाटणं आणि काच वाजणं, एखाद्या पिलरचं डोकं आणि बीम यांच्यात इतकी फट की कागद आरपार जातो, खांब नुसत्या नजरेलाही उताराकडे कललेला दिसणं. आणि एक लक्षण जे फार कमी लोक बघतात, ते म्हणजे पिलरच्या बुडाशी मातीत पडलेली फट. ती वरच्या बाजूला आहे की खालच्या, यावर खूप काही अवलंबून आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

कागद जाण्याएवढी फट किरकोळ समजू नका. तो पिलर काहीच वजन घेत नाहीये, म्हणजे त्याच्या वाट्याचं वजन शेजारचे दोघं घेतायत, आणि पुढे खचणार ते तेच.

१. पेन्सिल आणि तारीख

हे आजच करा, फुकट आहे. प्रत्येक चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. प्रत्येक पिलरवर माती जिथे टेकते तिथेही खूण करा. मोठा पाऊस झाला की बघा, कडक ऊन पडून जमीन तडकली की परत बघा.

याने कळतं की केबिन आत्ता हलतेय की कधीतरी हलून थांबलीय. नवीन बांधकाम पहिल्या वर्षी थोडं बसतं आणि तिथेच थांबतं, तसं असेल तर एकदा चकत्या घालून विषय संपतो. पण हलतच असेल तर कुठल्या ऋतूत हलतं ते बघा. भरावाची माती भिजली की खाली जाते आणि परत कधी वर येत नाही. काळी चिकण माती उलटं वागते, भिजली की फुगून पिलर वर ढकलते आणि सुकली की आकसून खाली सोडते, त्यामुळे दार काही महिने घासतं आणि काही महिने आपोआप नीट लागतं. जिथे जमीन गोठते तिथे थंडीत पिलर वर येतो आणि बर्फ वितळलं की खाली बसतो, तोही दरवेळी पहिल्या जागेवर नाही. या तिघांचे उपाय वेगळे आहेत, आणि कोणता लागेल ते या तारखांवरून कळतं. घाईत असलात तरी ही पायरी सोडू नका.

२. पाणी

जोरात पाऊस चालू असताना छत्री घेऊन बाहेर जा आणि केबिनभोवती एक फेरी मारा. घरात बसून पाणी कुठे जातं हे कोणालाच कळत नाही.

आधी छपराचं पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. केबिन तीन बाय चार मीटरची धरली तर छप्पर किमान १२ चौरस मीटर, आणि ५० मिमी पाऊस झाला की ६०० लिटर पाणी. एकाच बाजूला उतरतं छप्पर असेल आणि तो उतार जमिनीच्या उताराच्याच दिशेने असेल (बहुतेक केबिनींचा तसाच असतो, कारण समोरचा नजारा तिकडे असतो), तर हे सगळं ६०० लिटर खालच्या पिलरांच्या ओळीवर पडतं. म्हणजे ज्या पिलरांखालची माती आधीच सगळ्यात कमजोर त्यांच्याच बुडाशी. पागोळ्यांनी पडलेले खड्डे ओळीने दिसले की समजा मिळालं. पन्हळ लावा, पाइप जोडा आणि पाणी पिलरांपासून किमान ३ मीटर लांब, शक्यतो केबिनच्या कडेने बाजूला सोडा.

मग वरून वाहत येणारं पाणी. केबिनच्या वरच्या बाजूला तीनेक मीटर अंतर सोडून एक आडवी चर खणा, साधारण फूटभर खोल, दीड-दोन फूट रुंद, आणि तिला बाजूकडे उतार द्या, मीटरला एक सेंटिमीटर तरी. उतार महत्त्वाचा आहे, कारण चरीत पाणी साठून राहिलं तर ते तिथेच मुरतं आणि केबिनखालूनच बाहेर पडतं. उतार न देता खणलेली चर नसलेली बरी. केबिनच्या वरच्या अंगाला लागून जमीन खोलगट असेल तर माती ओढून अशी करा की पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेमी तरी उतार केबिनपासून दूर जाईल आणि पाणी त्या चरीला मिळेल.

आणि न दिसणारं पाणी: केबिनच्या वर असलेला शोषखड्डा, गळका नळ, हात धुवायच्या जागेचं सांडपाणी, भरून वाहणारी टाकी. टाकीवरून आठवलं, हजार लिटरची टाकी भरली की एक टन होते. ती केबिनच्या खालच्या कोपऱ्यावर किंवा तिथल्याच डेकवर ठेवली असेल तर आधी ती हलवा, मग बाकी विचार करा.

पाण्याला इतकं महत्त्व का, तर भिजलेल्या मातीची ताकद कमी होते आणि तिचं स्वतःचं वजन वाढतं, उतारावर दोन्ही गोष्टी तुमच्या विरुद्ध जातात. खचणं थोडं असेल, म्हणजे सेंटिमीटरभर, तर फक्त पाण्याची वाट बदला आणि एक पूर्ण पावसाळा थांबा. नुसत्या पन्हळीवर आणि चरीवर थांबलेल्या केबिनी मी पाहिल्यात आणि त्यांना आजवर परत हात लावावा लागला नाही.

३. लेव्हल पाइप आणि ओळंबा

स्पिरिट लेव्हल एका बीमपुरती ठीक आहे, पण सगळ्या पिलरांची उंची एकमेकांशी ताडायला साधा पारदर्शक पाइप आणि पाणी यापेक्षा भरवशाचं काही नाही. पाइप बादलीतून हळूहळू भरा, आत बुडबुडा राहिला तर सगळं माप चुकतं. पाण्यात थोडा रंग टाका म्हणजे नीट दिसतं. सुरुवात करायच्या आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी समान उंचीवर येतंय ना ते बघा. अर्धा पाइप उन्हात आणि अर्धा सावलीत ठेवू नका, गरम पाणी हलकं असल्यामुळे फरक पडतो.

प्रत्येक पिलरवर पाण्याच्या रेषेपासून बीमच्या खालच्या कडेपर्यंत किती मिमी आहे ते मोजा आणि कागदावर केबिनचा आराखडा काढून त्या-त्या पिलरपाशी आकडा लिहा. शक्य असेल तर जवळच्या पक्क्या खडकावर एक खूण करून तिथूनही माप घ्या, नाहीतर एक पिलर खाली गेलाय की बाकीचे वर आलेत हे कळत नाही. फुगणाऱ्या मातीत हा घोळ हमखास होतो, लोक पाच पिलर उचलत बसतात आणि खरं तर सहावा वर आलेला असतो.

आता कागदाकडे बघा. एकच पिलर खाली असेल तर कारण तिथलंच आहे: पाणी, मूळ, छोटं फुटिंग, उंदराचं बीळ. खालची पूर्ण ओळ खाली असेल तर भराव किंवा उतार. मधले पिलर खाली असतील तर त्यांना वजन जास्त होतंय. हे फार वेळा दिसतं कारण तीन-तीनच्या दोन ओळींत सहा पिलर असले की मधल्या पिलरवर कोपऱ्यातल्यापेक्षा जवळपास दुप्पट वजन येतं, बीम अखंड असेल तर त्याहूनही जास्त, आणि फुटिंग मात्र सगळ्यांना एकाच मापाची घातलेली असतात.

मग प्रत्येक खांबाला ओळंबा (दोरीला लटकवलेलं वजन) लावा. वरच्या टोकाला आणि बुडाशी दोरीपासूनचं अंतर मोजा, कोणत्या दिशेला कललाय ते बाणाने लिहा. सगळे बाण उताराकडे असतील तर गोष्ट गंभीर आहे. एकच बाण वेगळा असेल तर बहुतेक खांब बसवतानाच वाकडा बसलाय.

४. पिलरचं डोकं

फुटिंगला दोष द्यायच्या आधी वरचे जोड बघा, कारण हे पान्याने सुटतं. नट ढिले असतात, कारण ओलं लाकूड सुकून आकसतं आणि पहिल्या वर्षी घट्ट केलेला बोल्ट दुसऱ्या वर्षी हाताने फिरतो. बीमखाली लाकडाच्या चकत्या घातल्या असतील तर त्या चेपून निम्म्या होतात आणि ते अगदी खचल्यासारखंच दिसतं. लाकडी चकत्या काढून पोलादी घाला, पूर्ण रुंदीच्या, एका कडेला कशाबशा टेकलेल्या नकोत.

खांब लाकडाचा असेल तर एक जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन बुडाशी, जिथे लाकूड काँक्रीटला टेकतं तिथे चारही बाजूंनी टोचा. चांगल्या लाकडात टोक दोन-तीन मिमी जाऊन अडकतं आणि टक्क असा आवाज येतो. एकदा एका केबिनच्या मधल्या खांबाला मी तीन बाजूंनी टोचलं, तिन्हीकडे टक्क, चौथ्या म्हणजे वरच्या बाजूला, जिकडून पाणी यायचं, तिकडे स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढला तर टोकाला चहाच्या चोथ्यासारखा ओला भुसा. बाहेरून रंग एकदम नवा होता. त्या केबिनच्या मालकाने नवीन फुटिंगसाठी खणायला माणसं बोलावली होती, आणि काम निघालं एका खांबाचं. वाळवीच्या मातीच्या नळ्याही याच वेळी बघून घ्या, त्या बहुतेक पिलरच्या सावलीतल्या बाजूला असतात.

खांब बदलताना काँक्रीटचं डोकं जमिनीच्या निदान १५ सेमी वर हवं, त्याला पाणी निथळायला थोडा उतार हवा, आणि लाकूड थेट काँक्रीटवर न टेकवता पोलादी बुटात बसवा.

५. झुलणं आणि तिरके टेकू

केबिन खचत नाही पण हलते, अशी तक्रार असेल तर इथे बघा. एकाने बाहेरून केबिनच्या आतल्या जमिनीच्या पातळीला हात लावून ढकलायचं आणि दुसऱ्याने आत ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासाकडे बघायचं. दोन्ही दिशांनी करा.

उतारावर वरचे पिलर आखूड आणि खालचे लांब असतात, आणि लोकांना वाटतं की सगळे सारखाच धक्का घेतात. तसं नसतं. एकाच जाडीचा खांब दुप्पट लांब केला की त्याचा आडवा ताठपणा आठवा हिस्सा उरतो. म्हणजे वाऱ्याचा सगळा धक्का आखूड पिलर घेतात आणि त्यांच्या डोक्याशी बोल्ट सैल होतात, काँक्रीटला चिरा जातात, तर लांब खांब नुसते वाकत राहतात. उपाय म्हणजे लांब खांबांना साधारण ४५ अंशात तिरके टेकू, उताराच्या दिशेने आणि आडव्या दिशेने, दोन्हीकडे. एकाच दिशेने मारले तर दुसऱ्या दिशेने ती झुलतच राहते. टेकू खिळ्यांनी मारू नका, बोल्टने आवळा.

इथे थांबून आधी उताराकडे बघा

पुढची पायरी खणायची आहे, आणि खणायच्या आधी केबिन सोडून वीस-तीस पावलं वर आणि खाली चालून या. केबिनच्या वरच्या अंगाला जमिनीत चंद्रकोरीसारखी वाकलेली चीर आहे का? कुंपणाचे खांब सगळे एकाच बाजूला कललेत का? झाडांची खोडं बुडाशी उताराकडे वाकून मग सरळ वर गेलीत का? उताराच्या पायथ्याशी जमीन फुगून आलीय का, किंवा पूर्वी कोरड्या असलेल्या जागी पाणी पाझरतंय का?

आणि आता ती पिलरच्या बुडाशी पडलेली फट. फट पिलरच्या वरच्या बाजूला असेल तर पिलर मातीपासून सुटून उताराकडे कलतोय, म्हणजे गडबड पिलरच्या पायात आहे. माती वरच्या बाजूला पिलरला रेटून चढलेली असेल आणि फट खालच्या बाजूला असेल तर मातीच पिलरला वळसा घालून खाली सरकतेय. चारही बाजूंनी सारखी फट आणि तीही फक्त उन्हाळ्यात, तर चिकण माती आकसलीय, घाबरायचं कारण नाही.

यातलं वाकलेली चीर, पायथ्याचा फुगवटा, नवीन पाझर किंवा वरून रेटलेली माती यांपैकी एकही दिसलं तर काम तिथेच थांबवा. जॅक नको, खणणं नको. माती तपासणारा जिओटेक्निकल इंजिनिअर बोलवा, आणि चीर दिवसागणिक रुंदावत असेल तर केबिन रिकामी करून मग बोलवा. पिलर कितीही मजबूत घातले तरी सरकणाऱ्या उतारासोबत ते सरकतात. पायथ्याची माती तर कोणत्याही कारणाने कापू नका, वाटेसाठी नाही, गाडी लावायलाही नाही. वरच्या मातीला तोच टेकू असतो.

६. पिलरशेजारी खड्डा

उतार ठीक दिसला तर सगळ्यात जास्त खचलेल्या पिलरशेजारी फुटिंगच्या तळापर्यंत एक अरुंद खड्डा घ्या. पिलरच्या बाजूला घ्या, खालच्या अंगाला नको, कारण फुटिंगचा आधार तिकडेच आहे आणि तोच तुम्ही काढून टाकाल. फुटिंगच्या खाली खणत जाऊ नका. कोरड्या दिवसांत करा आणि बघून झालं की धुम्मस (माती ठोकून दाबायचं जड अवजार) मारत थराथराने परत भरा.

बघायचं काय, तर तळाशी माती कोणती आहे. मूळ जमीन घट्ट, एकरंगी, पहारीला दाद न देणारी. भराव म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे गोळे, तुकडे, मुळं, मधे पोकळ्या. १२ मिमीची सळई अंगाचा भार देऊन दाबा, सहज हातभर गेली तर तिथे पाया नाहीच असं समजा. मुळांची काळी भुसभुशीत वरची माती हीसुद्धा पाया घ्यायच्या लायकीची नसते.

मग फुटिंग किती मोठं आहे. पुष्कळ ठिकाणी फुटिंगच नसतं, गोल पाइपात काँक्रीट ओतून तोच पिलर आणि तोच पाया. हिशोब करून बघू. १२ चौरस मीटरची लाकडी केबिन, छप्पर, सामान, माणसं धरून चौरस मीटरला अर्धा टन धरा, म्हणजे ६ टन. सहा पिलर, मधल्यावर दुप्पट, तर कोपऱ्यावर पाऊण टन आणि मधल्यावर दीड टन. ३० सेमी व्यासाच्या पिलरचा तळ ०.०७ चौरस मीटर, म्हणजे मधल्या पिलरखाली दाब येतो चौरस मीटरला २१ टन. मऊ मातीला सुरक्षितपणे सात ते दहा टन झेपतात. तो पिलर खचणारच. तोच पिलर ६० बाय ६० सेमीच्या फुटिंगवर उभा केला की दाब होतो चार टनांच्या आसपास. एवढ्या थोड्या जास्त काँक्रीटने हा सगळा त्रास वाचतो, म्हणून मी दरवेळी हा हिशोब लोकांना मांडून दाखवतो. बर्फ साठणाऱ्या जागी छपरावरचं वजन यात वेगळं मिळवावं लागतं.

शेवटी खोली. नुसती "दोन फूट खणलंय" हे उतारावर पुरत नाही, फुटिंगच्या खालच्या बाजूच्या तळकडेपासून आडवी रेघ काढली तर ती उताराच्या बाहेर किती लांब निघते ते बघायचं. मातीत हे अंतर निदान ९० सेमी आणि खडकात ६० सेमी हवं. दोनला एक असा उतार असेल, म्हणजे दोन मीटर चाललं की एक मीटर खाली, तर त्या कडेशी ४५ सेमी खोलीला ९० सेमी मिळतात, पण एकास एक उतार असेल तर त्यासाठीच ९० सेमी खोल जावं लागतं. शिवाय कुठेही ५० सेमीपेक्षा कमी खोल नको, आणि जमीन गोठत असेल तर गोठण्याच्या खोलीच्या खालीच तळ हवा. शेजारच्या दोन फुटिंगच्या तळांमध्येही फार फरक नको, दोन मीटर अंतर असेल तर एक मीटरपेक्षा जास्त नाही, नाहीतर वरच्या फुटिंगचा भार खालच्यावर ढकलला जातो आणि खालचा खड्डा घेताना वरचा पिलरच निसटतो.

फुटिंगचा तळ उताराला समांतर केलेला दिसला तर तेच कारण. तळ नेहमी आडवा सपाट हवा, उतारावर पायऱ्या करत जायचं.

७. उचलणं आणि नवीन फुटिंग

इथवर येऊन कारण नक्की झालं असेल तरच जॅक. एका वेळी एकच पिलर. आधी नळाचे आणि सांडपाण्याचे जोड सोडवा, केबिनला तात्पुरते तिरके टेकू मारा. जॅकसाठी उतारात सपाट पायरी कापून धुम्मस मारा, त्यावर जाड फळ्यांचा दोन फुटी चौकोन ठेवा. जॅक आणि त्यावरचा टेकू ओळंब्यात हवा, उतारावर कललेला जॅक निसटतो आणि निसटताना इशारा देत नाही. पाच टनांच्या खालचा बॉटल जॅक नको. एका वेळी दोन-तीन मिमी उचला, थांबा, आवाज ऐका, केबिनला फेरी मारून या. शेजारी लाकडी ठोकळे आडवे-उभे रचत चला आणि जॅकच्या प्रत्येक चढीबरोबर ते बीमला टेकवत न्या. फक्त जॅकवर असलेल्या केबिनखाली हातसुद्धा घालू नका. आणि जुनी केबिन एका दिवसात पूर्ण लेव्हलला आणायचा हट्ट नको, लाकूड वाकडं बसून वर्षं झालेली असतात, काही आठवडे घ्या.

नवीन फुटिंग भराव ओलांडून मूळ जमिनीत. तळाची सुटी माती हाताने काढा, धुम्मस मारा, आणि खणलं त्याच दिवशी काँक्रीट घालायची तयारी ठेवा. रात्री पाऊस पडून तळ चिखल झाला तर तो चिखल खरवडून काढा, त्यावर ओतू नका, इतक्या मेहनतीने खोल जाऊन परत मऊ थरावर बसाल. साधारण अशा केबिनला फुटिंगमध्ये १० मिमी सळईची जाळी १५ सेमीवर, पिलरला १२ मिमीच्या चार सळया, पाय वाकवून जाळीला बांधलेल्या, ८ मिमीच्या रिंगा १५ ते २० सेमीवर, मातीकडच्या बाजूला ५० मिमी कव्हर, म्हणजे सळईबाहेर तेवढं काँक्रीट. माल एकास दीड तीन (सिमेंट, वाळू, खडी), ५० किलोच्या सिमेंटला २५ लिटर पाणी, त्यापेक्षा पातळ नको. किमान सात दिवस ओली पोती, आणि वजन दोन आठवड्यांच्या आधी नाही, महिनाभर थांबलात तर उत्तम. पिलरच्या डोक्याशी आटे असलेली कमीजास्त करता येणारी पट्टी बसवा, पुढे पाच मिमी फरक पडला तर पान्याने निघेल.

काळ्या फुगणाऱ्या मातीत मात्र हे फुटिंग चालत नाही. तिथे ओलावा-सुकवा पोचत नाही इतक्या खोल जाणारा, तळाशी फुगा असलेला अंडर-रीम्ड पाइल लागतो. ते मशीनचं आणि इंजिनिअरच्या डिझाइनचं काम आहे.

इंजिनिअर कधी बोलवायचा

उतार सरकतोय अशी कोणतीही खूण दिसली तर, हे वर लिहिलंच. त्याशिवाय: दीड मीटरच्या खांबाला ३ सेमीपेक्षा जास्त कल, उतार दोनला एकपेक्षा तीव्र, शेजारचे दोन पिलर एकदम बदलायचे असतील, खड्डा १.२ मीटरपेक्षा खोल न्यावा लागत असेल, तेवढं खणूनही मूळ जमीन लागत नसेल, खड्ड्यात पाणी भरत असेल, किंवा काँक्रीट फुटून गंजलेली सळई बाहेर दिसत असेल. खोल खड्ड्याची बाजू ढासळली तर माणूस कंबरेपर्यंत गाडला तरी स्वतःहून निघू शकत नाही, त्यामुळे खड्ड्यात एकट्याने कधी उतरू नका. इंजिनिअर आला की त्याला तुमचा पिलरांच्या आकड्यांचा कागद आणि तारखा दाखवा, त्याचं निम्मं काम तिथेच होतं.

काम झाल्यावर सगळ्या पिलरांची लेव्हल पाइपने परत मापं घ्या आणि तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पहिला मोठा पाऊस होऊन गेला की तीच मापं परत घ्यायची, मग पावसाळा संपल्यावर, मग पुढच्या उन्हाळ्यात. तिन्ही वेळा आकडे दोन-तीन मिमीच्या आत राहिले तरच दाराला शेवटचा रंधा मारा.